होय, दिवाणजीच! (एका प्रतिक्रियेला उत्तर)

'बोर्डवॉक एम्पायर'वरच्या माझ्या लेखाखाली एका वाचकाची प्रतिक्रिया आली आहे. तिथंच चार ओळी लिहून विषय मिटवणार होतो, पण हात थांबेना, म्हणून हे वेगळं पान. मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: अमेरिकेतल्या दारूबंदीच्या काळातल्या, अटलांटिक सिटीतल्या गुंडांवरची ही एचबीओची मालिका, २०१० ते २०१४, पाच सीझन, ५६ भाग, आणि पात्रं इतकी की जत्रा परवडली. मी ती वही घेऊन बघितली, तुम्हीही वही घेऊन बसा, असं लेखात सुचवलं होतं. एवढाच माझा गुन्हा.

त्यावर हे गृहस्थ लिहितात (नाव देत नाही, तसंही ते खरं नसावं): "काका, जरा दमानं. तुमचा लेख म्हणजे अडत दुकानातल्या दिवाणजीची खतावणी झालीय. मालिका बघायची असते, तिचा जमाखर्च मांडायचा नसतो!!! माझी आजी अख्खं महाभारत वहीशिवाय सांगायची. चौथा सीझन १९२३ मध्ये नाही, १९२४ मध्ये घडतो. जिमीचं काय होतं ते इशारा न देता फोडून टाकलंत. आणि एवढ्या मोठ्या लेखात कुठल्या पात्रानं तुमच्या काळजात कालवाकालव केली ते एका ओळीनं सांगितलेलं नाही."

आधी देणं देऊन टाकतो. १९२४ बरोबर आहे. पहिला सीझन १९२०, दुसरा १९२१, तिसरा १९२३, चौथा १९२४ आणि पाचवा उडी मारून थेट १९३१. माझ्या वहीत हेच आहे, निळ्या शाईत. टाइप करताना बोट चुकलं. लेखात दुरुस्ती केली. आभारी आहे. चूक दाखवणाऱ्याचा मला कधीच राग आलेला नाही. ती कशी दाखवली याचा येतो.

मी तुमचा काका कधीपासून? आमच्या सांगलीत अनोळखी माणसाला काका म्हणतात, नाही असं नाही. पण मंडईत "काका, जरा सरका" म्हणणारं पोर वेगळं आणि "काका, जरा दमानं" म्हणणारं वेगळं. पहिलं वाट मागतं, दुसरं अक्कल शिकवतं. वर तीन उद्गारचिन्हं. एकानं भागलं नसतं? आणि वेळ बघितली तर रात्रीचे पावणेदोन. त्या वेळी माणसानं झोपावं, झोप येत नसेल तर निदान लिहू नये. हे काका म्हणून सांगतोय, नातं तुम्हीच लावलंय.

आता दिवाणजी.

शब्द टोचावा म्हणून वापरलात, तर टोचला. कारण तुम्ही अंधारात मारलेला दगड नेमका बसलाय. मी खरोखरच दिवाणजी होतो. सांगलीच्या मार्केट यार्डात, हळदीच्या अडतीत, २९ वर्षं. दुकानाचं नाव सांगत नाही. सकाळी गादीवर बसायचं, पुढ्यात लाकडी पेटी, पेटीवर लाल कापडाच्या बांधणीची लांब वही. दिवसभराच्या व्यवहारांची रोजकीर्द, तिच्यावरून खतावणी, म्हणजे ज्याचं त्याचं वेगळं खातं. बोटांना हळद आणि शाई दोन्ही लागलेली, त्यामुळं वहीच्या पानांचे कोपरे पिवळे. शेतकऱ्याचा माल सौद्यात गेला की त्याची पट्टी करायची: पोती किती, वजन किती, भाव काय लागला, त्यातून हमाली वजा, तोलाई वजा आणि शेवटी उचल वजा. ही उचल वाईट. लेकीच्या लग्नाला, विहिरीवरच्या मोटारीला, म्हाताऱ्या आईच्या ऑपरेशनला अडत्याकडून आधीच नेलेला पैसा. पट्टी हातात पडली की माणूस पहिल्यांदा तळाचा आकडा बघायचा आणि मग माझ्याकडं. आकडा मी केलेला नसायचा, पण बघायचा माझ्याकडंच. ती नजर तुम्ही कुठल्या सीझनमध्ये बघितलीय, साहेब?

आणि जमाखर्च मांडायचा नसतो म्हणता, तर त्या मालिकेत जमाखर्चाशिवाय दुसरं आहे काय? मालिकेचा नायक नकी थॉम्पसन पदानं कोण आहे? काउंटीचा खजिनदार! म्हणजे सरकारी दिवाणजीच की हो. दारूबंदी सुरू व्हायच्या आदल्या दिवशी तो बायकांच्या सभेत दारूच्या दुष्परिणामांवर डोळ्यांत पाणी आणणारं भाषण ठोकतो आणि तिथून उठून त्याच दारूच्या धंद्याची बोलणी करायला जातो. पहिल्याच सीझनमध्ये तो परगावी असताना त्याच्या भावावर गोळी चालते, तेव्हा त्यानं आसरा दिलेल्या मार्गारेटला फोन करून काय सांभाळायला सांगतो? पैसे नाही, पिस्तूल नाही. हिशेबाची वही. उघडू नकोस म्हणतो. ती उघडते. ती वही वाचली त्या रात्री त्या बाईला कळलं की आपण कुणाच्या घरात राहतोय. तुम्हाला हा प्रसंग आठवतोय का? माझ्या वहीत भाग आठवा म्हणून नोंद आहे.

मी जिमीचं पान कसं लिहिलंय ते सांगतो, मग ठरवा खतावणी म्हणजे काय ते. जिमी नकीच्या छायेत वाढला. ती झाली उचल. पोरगं पहिल्या महायुद्धातून परत आलं आणि स्वतःचा वेगळा हिशेब मांडायला लागलं, तिथून दोन सीझन चालले. पण वही मागं चाळत गेलं की कळतं, जिमीच्या आधीही एक खातं आहे: त्याची आई, जिलियन. ती अजून पोरगी असताना नकीनंच तिला कमोडोरच्या, म्हणजे शहराच्या जुन्या सर्वेसर्वाच्या, हवाली केलं. हे पाचव्या सीझनमध्ये १८९७ सालचे प्रसंग दाखवतात तेव्हा डोळ्यांसमोर येतं. आणि शेवटच्या भागात, १९३१ मध्ये, त्या बोर्डवॉकवर, म्हणजे समुद्रकाठच्या फळ्यांच्या रस्त्यावर, नकीला गोळी घालणारा पोरगा कोण? जिमीचा मुलगा टॉमी. जिलियनचा नातू. माझ्या वहीत ही एकच ओळ आहे: उचल १८९७, वसुली १९३१, व्याजासकट. मला सांगा, एवढ्या पाचपन्नास माणसांच्या गर्दीत हे दोन टोकांचे आकडे समोरासमोर आणायला दुसरं कुठलं साधन आहे? पडद्यावर ते ५६ भागांत पसरलेत. पानावर चार बोटांत मावतात.

(हेही फोडलं म्हणाल. त्याकडं येतो.)

पडद्यावरचं सोडा, खऱ्या गुंडांचं काय झालं बघा. अल कपोनला शिकागोत कुणी गोळी घालू शकलं नाही, खुनाचा एक आरोप त्याच्यावर टिकला नाही. ऑक्टोबर १९३१ मध्ये त्याला ११ वर्षांची शिक्षा झाली ती करचुकवेगिरीसाठी. पुरावा काय? शिकागोशेजारच्या सिसरोतल्या जुगाराच्या अड्ड्यावरच्या वह्या. सरकारी कपाटात धूळ खात पडल्या होत्या. त्यांतलं अक्षर लेस्ली शमवे नावाच्या हिशेबनीसाशी जुळलं, त्याला शोधून काढलं, त्यानं कोर्टात साक्ष दिली. म्हणजे कपोनला आत घातला तो दिवाणजीनं. मालिकेतही शेवटच्या सीझनमध्ये कपोनच्या वह्या पळवायची झटापट आहे, आणि व्हॅन ऑल्डन या माजी सरकारी अधिकाऱ्याचा जीव जातो तो त्याच भानगडीत. नकी थॉम्पसन ज्याच्यावरून उभा केला तो खरा नकी जॉन्सनही १९४१ मध्ये करचुकवेगिरीतच अडकला, शिक्षा १० वर्षांची. त्याच्या वेळी तर कर खात्याच्या लोकांनी वेश्यागृहांतून धुलाईला जाणारे टॉवेल मोजून कमाईचा अंदाज बांधला होता. टॉवेल! याला म्हणतात जमाखर्च. तुम्हाला यात रस नसेल तर गोळीबाराचे तुकडे मोबाइलवर स्वतंत्र मिळतात, ते बघा.

तुमच्या आजीविषयी मला आदर आहे, तिला यात ओढायला नको होतं. तरीही ओढलीत म्हणून सांगतो. महाभारत सांगणाऱ्या माणसाला सोय असते: दर वेळी पंडुपुत्र, गांधारीसुत, द्रुपदाची लेक, असं नात्यासकट नाव येतं. ऐकणाराही लहानपणापासून ऐकत आलेला. इथं तसं नाही. लकी लुचियानोला त्याची माणसं चार्ली म्हणतात. नकीचं खरं नाव इनॉक. सरकारी अधिकारी असलेला व्हॅन ऑल्डन पुढं शिकागोकडं जाऊन जॉर्ज म्यूलर होतो. कपोन एक नाही, तीन भाऊ. जॉर्ज रीमस तर स्वतःचाच उल्लेख तिसऱ्याच माणसाचा करावा तसा करतो, त्यामुळं मी पहिल्या वेळी रीमस नावाचा कुणीतरी आणखी एक जण यायचा आहे असं समजून त्याच्यासाठी पान सोडलं होतं. ते पान अजून कोरं आहे. आणि सगळ्यांच्या डोक्यावर टोपी, खोलीत मिणमिणता उजेड. एखादा चार भाग गायब होतो आणि मग दारातून आत येऊन "ठरल्याप्रमाणे" म्हणतो. काय ठरलं होतं? कुणाशी?

वहीशिवाय बघून झालंय माझं, नाही असं नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेली तेव्हा आमच्या खालच्या मजल्यात छातीभर पाणी होतं. आम्ही भाच्याकडं मिरजेला. परत आलो तर कपाटातली वही फुगून उशीसारखी झालेली. पानं सुट्टी करून गच्चीवर वाळत घातली, वर भडंगाचे डबे ठेवले उडू नयेत म्हणून. माझी पद्धत अशी की माणूस मेला की नावावर लाल रेघ. पुरानं लाल आणि निळी शाई एकमेकांत गेली आणि न्यूयॉर्कच्या पानावर कोण जिवंत, कोण मेलेलं, काही कळेना. रोथस्टीनचं नाव पार जांभळं. म्हटलं, चला, पुढचा सीझन आठवणीवर बघू. तीन भाग बघितले आणि बंद केला. परत पहिल्यापासून सुरुवात केली, नवीन वही घालून. आमची ही म्हणाली, घरातला गाळ आधी काढा. काढला. मग वही घातली.

संगणक आला तेव्हा अडतीतही मला कुणीतरी असंच म्हणालं होतं, "आता वहीचं काय काम?" तेही वयानं तुमच्याएवढंच असेल. पहिल्याच वर्षी एका शेतकऱ्याची उचल दोनदा वजा झाली. सापडली ती माझ्या जुन्या वहीत. माफी कुणी मागितली नाही, ते जाऊ दे. विषय तो नाही.

जिमीचं फोडलं, ही तक्रार. तो भाग डिसेंबर २०११ मध्ये दाखवला गेला. एवढी वर्षं ज्यानं वाट बघितली त्यानं माझा लेख वाचायच्या आधी आणखी चार दिवस बघायला काय हरकत होती? यावर जास्त बोलत नाही.

राहिलं ते काळजाचं. प्रत्येकानं आपलं काळीज ताटात वाढूनच लेख लिहावा, असा नियम कुठं केलाय मला माहीत नाही. मी केलेला नाही. पण रिचर्ड हॅरोविषयी तुम्हीही काही लिहिलं नाहीत, म्हणून सांगतो. युद्धात अर्धा चेहरा गेलेला नेमबाज, पत्र्याचा मुखवटा लावून फिरणारा. तोही वही ठेवतो, लक्षात आलं होतं का? मासिकांतून सुखी घरांची चित्रं कापायची, आईबाप, पोरं, जेवणाचं टेबल, आणि खळ लावून वहीत चिकटवायची. त्याला कुणी दिवाणजी म्हटलं नाही. चौथ्या सीझनच्या शेवटी त्याचं जे होतं ते सांगत नाही, नाहीतर परत पावणेदोनला उठाल. त्या रात्री मी लाल पेन उघडून बसलो होतो. नंतर टोपण लावलं. बाकी सगळ्या पानांवर तारीख, भाग, कुणाच्या हातून, सगळं आहे. त्याच्या पानावर ती नोंद नाही.

चौथ्या सीझनवरचा लेख पुढच्या रविवारी टाकतो. ज्यांनी मालिका बघितली नाही त्यांनी वाचू नये. घ्या, दिला इशारा.