बीचची झाडं आणि पर्वरीचा वड

"तू थंड हवेत बसून आम्हाला शिकवू नकोस," मावसभावाचं उत्तर. आदल्या रात्री मी घरच्या ग्रुपवर उत्तर आयर्लंडच्या अँट्रिममधल्या डार्क हेजेसचा, म्हणजे बीच नावाच्या जुन्या झाडांनी झाकलेल्या रस्त्याचा, फोटो टाकला होता, खाली एक ओळ: "इथे रस्त्यासाठी झाडं हलवत नाहीत, झाडांसाठी गाड्या हलवतात." टोमणाच होता. मार्च 2025मध्ये गोव्यात पर्वरीच्या खाप्रेश्वराचा, म्हणजे तिथल्या राखणदार देवाचा, वड उड्डाणपुलासाठी पोलीस बंदोबस्तात हलवला, तेव्हापासून ग्रुपवर दोन तट आहेत. भाऊ म्हणतो, वड काय, कुठेही रुजतो.

माझी ओळ खोटी नाही. त्या ब्रेगा रोडवर 2017पासून वाहनांना बंदी आहे. गाडी हॉटेलपाशी लावायची, पर्यटकांच्या बसमधून उतरलेल्या गर्दीतून वाट काढत चालायचं. 1775च्या सुमारास स्ट्युअर्ट घराण्याने आपल्या वाड्याकडे येणाऱ्यांवर छाप पडावी म्हणून दुतर्फा बीच लावले. आता फांद्या वर एकमेकींत इतक्या गुंतल्यात, की पाऊस सुरू झालेला खाली उशिरा कळतो. एका खोडाला हात लावला. गार, गुळगुळीत, देवळाच्या झिजलेल्या पायरीसारखं. पारंबी नाही, पार नाही, पणती नाही. एक भूत मात्र आहे म्हणतात, करड्या वेषातली बाई, शेवटच्या झाडापाशी नाहीशी होते. म्हणजे राखणदारच की! फक्त तिला कोणी नारळ देत नाही आणि तिच्यासाठी पोलीसही बोलवावे लागत नाहीत.

हे सगळं मी भावाला ऐटीत लिहिलं. एक गोष्ट गाळली. 2016च्या वादळात इथलीही झाडं पडली, आणि नोव्हेंबर 2023मध्ये धोकादायक म्हणून सहा तर सरकारनेच तोडली. फोटो काढताना मी रिकाम्या जागा चौकटीबाहेर ठेवल्या होत्या.

आणखी एक गाळली. 2024च्या डिसेंबरात पणजीहून मोपा विमानतळाला निघालो होतो, पर्वरीत टॅक्सी अडकली. धूळ, हॉर्न, विमानाची वेळ. "हा पूल एकदाचा होणार तरी कधी?" मी चालकावर ओरडलो. वड तेव्हा जागेवरच होता. लहानपणी तिथून जाताना आजी बसमधूनच हात जोडायला लावायची. त्या दिवशी मी घड्याळ बघत होतो.

भाऊ पुढच्या सीटवर बसला होता. हे त्याने ग्रुपवर अजून काढलेलं नाही.