रेडकाचं काय?

सांगलीत शिकणारा माझा भाचा यंदा वीगन झाला, म्हणजे दूध-अंडीही सोडली. सुट्टीत तासगावला आल्यावर तो वहिनीला तोंडावर म्हणाला, "मामी, म्हशीचं दूध काढणं ही चोरीच." वहिनी फोनवर रडकुंडीला आली होती. पहाटेपासून वैरणकाडी तिने करायची आणि चोरही तीच? तेव्हापासून माझं डोकं फिरलंय.

इथे हॅनोव्हरला मी ब्रूडरहानची अंडी घेतो, म्हणजे जिथे अंड्यांच्या कोंबड्यांबरोबर त्यांचे भाऊही वाढवतात तिथली. नर पिल्लं जन्मताच मारायला जर्मनीत २०२२ पासून बंदी आहे. वासरू आईजवळ ठेवणाऱ्या गोठ्याचं दूधही मिळतं, महाग असतं, तरी लोक घेतात. आमच्या गोठ्यात हे कायमचंच. पारडू सोडल्याशिवाय म्हैस पान्हा घालत नाही. ते ढुशा देत चार घोट पितं, मग वहिनी त्याला ओढून बांधते, धार काढते आणि एक सड त्याच्यासाठी ठेवते. खुडूक कोंबडीखालची पिल्लं, नर असोत की मादी, अंगणातच वाढतात. कोंबडा पुढे जत्रेला कापतात, पण जन्मल्या दिवशी त्याला कुणी मारत नाही.

भाच्याने खरं तर रेडकाचं, म्हणजे नर पारडाचं, विचारायला हवं होतं. पारडी झाली की तिची बडदास्त. रेडकू झालं की गावात बऱ्याच घरी त्याचं दूध हळूहळू तोडतात, आणि ते गेलं की "जगलं नाही बिचारं" म्हणतात. जर्सीच्या गोऱ्ह्याचीही तीच गत. २०१५ च्या कायद्याने बैलाची कत्तल थांबली, पण त्याला पोसायचं कुणी? आटपाडीकडच्या खिलार खोंडाला शर्यतीमुळे भाव आहे. जर्सीच्या गोऱ्ह्याला कोण विचारतो?

रेडकू पोसणाऱ्या आणि भाकड म्हैस दावणीला ठेवणाऱ्या घरचं दूध मी निर्मळ मानतो. बाकीच्यांनी "घरचं आहे" एवढ्यावर छाती फुगवू नये.

हे वहिनीला बोललो, तर ती म्हणाली, "भाऊजी, वैरणीचं तुम्ही बघा, रेडकू मी सांभाळते." पैसे पाठवतोय. पण शेत भाऊ कसतो, माझ्या खोलीत पोरं अभ्यास करतात. गोठ्यावर बोलायचा हक्कही सोडला, तर तासगावात माझं उरतं काय? मला भाच्याचा राग त्यातूनच आला असणार. त्याला ते दूध हाकेच्या अंतरावर मिळतं आणि तो नको म्हणतो.

नको तर नको, बाळा. पण पुढच्या सुट्टीत पहाटे मामीबरोबर गोठ्यात जा आणि रेडकाला पोटभर पिऊ दे.