फुकुशिमाचं पाणी: पेशीतला धोका फुगवलेला, कायद्यातली भोकं झाकलेली

बोंबील, सुरमई, बांगडा काही काळ खाऊ नका, असं बजावणारा एक संदेश मराठी गटांमधून अधूनमधून फिरतो. त्याचा गाभा असा: "जपानने फुटलेल्या अणुभट्ट्यांचं पाणी समुद्रात सोडलंय. त्यातलं ट्रिटियम गाळता येत नाही. ते पेशीत शिरून डीएनए तोडतं, माशांत साठतं आणि आपल्या ताटात येतं. समुद्राला मालक नाही, म्हणून कुठलाच कायदा हे अडवू शकत नाही." यात खरं-खोटं एकमेकांत इतकं गुंतलंय की एकेक वाक्य सुटं करूनच तपासावं लागतं.

आधी पाणी कुठलं ते. 11 मार्च 2011 च्या भूकंप-त्सुनामीनंतर फुकुशिमा दाइइची केंद्रातल्या तीन अणुभट्ट्यांमधलं इंधन वितळलं. ते थंड ठेवायला पाणी लागतं, शिवाय भूजल आणि पावसाचं पाणी आत झिरपतं. हे दूषित पाणी शुद्ध करून हजाराहून जास्त टाक्यांत साठवत गेले. साठा सुमारे 13 लाख घनमीटरवर पोचला आणि 24 ऑगस्ट 2023 पासून तो टप्प्याटप्प्याने प्रशांत महासागरात सोडायला सुरुवात झाली.

"ट्रिटियम गाळता येत नाही."

बरोबर. ट्रिटियम हा हायड्रोजनचाच जड भाऊ. तो पाण्यात विरघळलेला नसतो, पाण्याच्या रेणूचाच भाग झालेला असतो. शुद्धीकरण यंत्रणा, म्हणजे आल्प्स, इतर 62 किरणोत्सारी घटक रासायनिक साका आणि शोषक पदार्थ वापरून पकडते. ट्रिटियम तिच्यातून पार होतं. कार्बन-14 साठीही ती बनवलेली नाही.

पण खरी काळजी करायची ती उरलेल्या घटकांची, आणि संदेशात त्यांचं नावही नाही. 2018 मध्ये उघड झालं की टाक्यांतल्या बहुतांश पाण्यात स्ट्रॉन्शियम-90, आयोडीन-129 यांसारखे घटक मर्यादेपेक्षा जास्त होते. सुरुवातीच्या वर्षांत यंत्रणा घाईने चालवली गेली, शोषक वेळेत बदलले गेले नाहीत. ते पाणी पुन्हा शुद्ध केल्याशिवाय सोडता येत नाही.

सोडण्याची पद्धत अशी. दहा टाक्यांचा गट एकत्र जोडून पाणी कित्येक दिवस घुसळत, फिरवत ठेवतात. नमुना एकजीव नसेल तर मोजणीला अर्थ नाही. मग ट्रिटियम सोडून सुमारे 30 घटक मोजतात. प्रत्येकाचं प्रमाण त्याच्या कायदेशीर मर्यादेने भागतात आणि सगळ्या भागाकारांची बेरीज 1 पेक्षा कमी यावी लागते. ट्रिटियमसाठी उपाय एकच, पातळ करणं. दिवसाला सुमारे 460 घनमीटर शुद्ध केलेलं पाणी जवळपास 3,40,000 घनमीटर समुद्राच्या पाण्यात मिसळतात आणि 1 किलोमीटर लांबीच्या बोगद्यातून बाहेर सोडतात. एका फेरीला साधारण 17 दिवस लागतात आणि 7,800 घनमीटर पाणी जातं. समुद्राचं पाणी ओढणारा पंप बंद पडला तर झडपा आपोआप मिटल्या पाहिजेत, या साखळीतली ही सगळ्यात नाजूक जागा. चुका मात्र माणसांकडून झाल्या आहेत. फेब्रुवारी 2024 मध्ये सीझियम शोषणाऱ्या यंत्राच्या सफाईच्या वेळी बंद असायला हव्या त्या हाती झडपा उघड्या राहिल्या आणि दूषित पाणी हवेच्या नळीतून आवारात सांडलं.

"पेशीत शिरून डीएनए तोडतं."

तोडू शकतं. प्रश्न आहे किती, आणि संदेश नेमका तिथेच गप्प बसतो.

ट्रिटियमच्या विघटनातून निघणारा इलेक्ट्रॉन फार दुबळा असतो. सरासरी ऊर्जा 5.7 किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, आणि पाण्यातली जास्तीत जास्त धाव 6 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्वचेवरच्या मृत थरातूनही तो आत येत नाही. शरीराच्या आत गेलं तर मात्र ती सगळी ऊर्जा एकाच पेशीत ओतली जाते. म्हणून सोबत ढोबळ हिशोब करून पाहा. मिसळलेल्या पाण्यात ट्रिटियमची कमाल मर्यादा लिटरला 1,500 बेक्वेरेल आहे (1 बेक्वेरेल म्हणजे सेकंदाला एक विघटन). समजा एखाद्याच्या शरीरातलं सगळंच पाणी या पातळीचं झालं आणि वर्षभर तसंच राहिलं. पेशीचं केंद्रक 8 मायक्रॉन व्यासाचं धरलं, तर वर्षभरात साधारण 80 केंद्रकांमागे एकात, एकदा, ट्रिटियमचं विघटन होईल. त्या केंद्रकाला मिळणारी मात्रा 3 मिलिग्रेच्या आसपास (ग्रे हे शोषलेल्या किरणोत्साराच्या ऊर्जेचं माप, मिलिग्रे त्याचा हजारावा भाग). 1 ग्रे मात्रेला एका पेशीत डीएनएच्या दोन्ही धाग्यांचे साधारण 20 ते 40 तुकडे पडतात, म्हणजे अशा विघटनांपैकी दहातल्या एखाद्यातच दुहेरी तुकडा. उलट, निव्वळ श्वसनातून आणि डीएनएची प्रत काढताना होणाऱ्या चुकांतून प्रत्येक पेशीत रोज हजारो ठिकाणी इजा होते, आणि दुहेरी तुकडेही अधूनमधून पडतच असतात. पेशी तुटलेली टोकं थेट जोडते, किंवा जुळ्या धाग्यावरून नक्कल करून दुरुस्त करते.

हेच मिलिसिव्हर्टमध्ये, म्हणजे शरीराला होणाऱ्या धोक्याच्या मापात: मिसळलेलं ते पाणी, खारटपणा विसरून, रोज 2 लिटर वर्षभर प्यायलं तर प्रौढाला सुमारे 0.02 मिलिसिव्हर्ट मिळतात. निसर्गातून जगभर सरासरी 2.4 मिळतातच. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातली मार्गदर्शक पातळी तर लिटरला 10,000 बेक्वेरेल आहे.

संदेशाच्या बाजूने दोन गोष्टी प्रामाणिकपणे मांडायला हव्यात. एक, प्रयोगशाळेत ट्रिटियमचा बीटा किरण, म्हणजे वरचाच इलेक्ट्रॉन, तेवढ्याच मात्रेच्या गॅमा किरणापेक्षा जास्त इजा करतो, पण संरक्षणाच्या सूत्रांत दोघांना समान गुणक दिलेला आहे. ही टीका रास्त आहे. वरचा आकडा तिप्पट केला तरी 0.06 होतो. दुसरी, सेंद्रिय रेणूंत बांधलं गेलेलं ट्रिटियम शरीरात जास्त काळ राहतं आणि त्याचा मात्रा-गुणक, म्हणजे प्रत्येक बेक्वेरेलमागे मिळणारी मात्रा, ट्रिटियमच्या पाण्याच्या दुपटीहून थोडा जास्त आहे. तो हिशोबात धरलाच पाहिजे.

ज्यांचे आकडे या संदर्भात उचलले जातात त्या प्रयोगांत बहुतेकदा ट्रिटियम लावलेलं थायमिडिन वापरलेलं असतं. थायमिडिन ही डीएनएचीच वीट. ते थेट धाग्यात जाऊन बसतं आणि विघटन अगदी जवळ होतं. ते निष्कर्ष ट्रिटियमच्या पाण्याला जसेच्या तसे लावणं चूक आहे.

कमी मात्रेच्या अभ्यासाला एक जवळचा संदर्भही आहे. केरळात कोल्लमजवळच्या किनाऱ्यावर मोनाझाइट वाळूमुळे नैसर्गिक किरणोत्सार काही ठिकाणी सरासरीच्या कित्येक पट आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी तिथल्या नवजात बाळांच्या नाळेच्या रक्तातल्या पेशींची गुणसूत्रं वर्षानुवर्षं तपासली. शेजारच्या सामान्य भागाच्या तुलनेत दोषांत लक्षणीय वाढ दिसली नाही. यावरून धोका शून्य आहे असं सिद्ध होत नाही. पण 0.02 मिलिसिव्हर्टचा परिणाम माणसांत दिसेल असं म्हणणाऱ्याने आधी या पेशींकडे पाहावं.

"माशांत साठतं आणि आपल्या ताटात येतं."

पाण्याच्या रूपातलं ट्रिटियम माशात समुद्राइतकंच राहतं, साठत जात नाही. साठतं ते सीझियम: माशात पाण्याच्या शंभरपट. मे 2023 मध्ये, पाणी सोडायला सुरुवात होण्याआधी, केंद्राच्या बंदरात पकडलेल्या एका माशात किलोला 18,000 बेक्वेरेल सीझियम सापडलं. जपानची मर्यादा 100 आहे. ते 2011 चं, तळाच्या गाळात बसलेलं सीझियम. म्हणून त्या बंदराच्या तोंडाशी जाळी लावून मासे आत अडवावे लागतात. आपल्या बोंबलाचा याच्याशी संबंध नाही. कोकण किनाऱ्यावर ट्रिटियमची काळजी वाटत असेल तर तारापूरचे आकडे मागा. तिथल्या 3 आणि 4 क्रमांकाच्या अणुभट्ट्या जड पाण्यावर चालतात, आणि जड पाण्यातला ड्यूटेरियम न्यूट्रॉन पकडला की ट्रिटियमच बनतं.

"कुठलाच कायदा हे अडवू शकत नाही."

हे वाक्य चूक आहे, पण चारांतलं सगळ्यात विचार करण्याजोगं. कायदा आहे. त्याला भोकं कुठे आहेत ते नीट पाहायला हवं.

ऑक्टोबर 1993 मध्ये रशियाच्या जहाजाने जपानच्या समुद्रात किरणोत्सारी द्रव ओतला. जपानने कडाडून निषेध केला, आणि त्याच वर्षी 1972 च्या लंडन करारात दुरुस्ती होऊन समुद्रात किरणोत्सारी कचरा टाकण्यावर पूर्ण बंदी आली. पण त्या करारात 'टाकणं' म्हणजे जहाज, विमान किंवा समुद्रातल्या मानवनिर्मित रचनेवरून टाकणं. जमिनीवरून नळाने सोडलेलं पाणी त्यात बसत नाही, असं जपान म्हणतो. बोगदा ही समुद्रातली रचना नाही का, हा वाद त्या कराराच्या बैठकांत झाला आणि अनिर्णित राहिला. म्हणजे हेच पाणी टँकरने नेऊन ओतलं असतं तर बंदी, नळाने सोडलं तर नाही. पेशीला या दोन्हींत काही फरक कळत नाही.

जमिनीवरच्या प्रदूषणासाठी 1982 चा सागरी कायद्याचा करार आहे. त्याचं 207 वं कलम देशांना कायदे करायला सांगतं, पण आंतरराष्ट्रीय नियम फक्त 'विचारात घ्यायला' लावतं. 206 वं कलम मोठ्या प्रदूषणाची शक्यता असेल तर आधी मूल्यमापन करायला सांगतं. 'मोठं' म्हणजे किती, हे तो देशच ठरवतो. तरी ही कलमं निरुपयोगी नाहीत. 2001 मध्ये ब्रिटनच्या सेलाफिल्ड इथल्या इंधन प्रकल्पावरून आयर्लंड हाम्बुर्गच्या सागरी न्यायाधिकरणाकडे गेलं. प्रकल्प थांबला नाही, पण दोन्ही देशांनी एकमेकांना माहिती देऊन सहकार्य करावं असा आदेश निघाला.

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने 4 जुलै 2023 च्या अहवालात ही पद्धत आपल्या सुरक्षा मानकांशी सुसंगत असल्याचं म्हटलं. पण संस्था तिथे जपानच्या विनंतीवरून आली होती, समुद्रात सोडायचा निर्णय जपानच्या सरकारने 13 एप्रिल 2021 लाच घेतला होता, आणि हा अहवाल म्हणजे शिफारस किंवा पाठिंबा नव्हे असं अहवालातच लिहिलंय. टाक्यांतच अजून काही दशकं ठेवून ट्रिटियम निम्मं-पाव होऊ द्यावं का (12.3 वर्षांत ते निम्मं होतं), हा पर्याय शेजारी देशांसमोर बांधील स्वरूपात कधी मांडलाच गेला नाही.

जानेवारी 2026 मध्ये खुल्या समुद्रातल्या जैवविविधतेचा नवा करार अमलात आला. देशाच्या हद्दीत केलेल्या कामाचा खुल्या समुद्रावर मोठा परिणाम होणार असेल, तर पर्यावरणीय मूल्यमापन करून ते जाहीर करण्याचं बंधन त्यात आहे. भारताने सप्टेंबर 2024 मध्ये त्यावर सही केली. फुकुशिमाचं पाणी सोडणं सुमारे 2051 पर्यंत चालायचं आहे आणि वितळलेलं इंधन काढलं जाईपर्यंत नवं दूषित पाणी रोज तयार होतच राहणार आहे. इतकी वर्षं नमुने कोण घेणार, कुठल्या प्रयोगशाळा ते तपासणार आणि आकडा मर्यादेबाहेर गेला तर झडप कोणाच्या आदेशाने मिटणार, हे आज कोणत्याही कराराने ठरवून दिलेलं नाही.