खुलासा: एसडब्ल्यूआर २ म्हणजे अर्धी पॉवर वाया नव्हे

एसडब्ल्यूआर (स्टँडिंग वेव्ह रेशो) म्हणजे केबल आणि अँटेना किती जुळलेत ते सांगणारा आकडा; १ म्हणजे पूर्ण जुळणी. हॅम (हौशी) रेडिओच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘एसडब्ल्यूआर २ आला की अर्धी पॉवर परत येते, केबल थोडी थोडी कापत १ वर आणा.’ दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

५० ओहमच्या केबलला १०० ओहमचा अँटेना जोडला, तर एसडब्ल्यूआर १००÷५०, म्हणजे २ येतो. तेव्हा परावर्तन गुणांक (लहरीचा किती भाग अँटेनाकडून परत येतो) (१००−५०)÷(१००+५०), म्हणजे ०.३३. हे गुणोत्तर व्होल्टेजच्या लहरींचं. पॉवरसाठी त्याचा वर्ग करायचा: ०.११. म्हणजे ११ टक्के परततं, ५० नव्हे.

केबल कापून गुणांकाची फक्त कला (फेज) फिरते, मान तोच राहतो. कापल्यावर मीटरचा आकडा हलत असेल, तर बहुधा केबलच्या शील्डच्या (बाहेरच्या धातूच्या जाळीच्या) बाहेरून करंट वाहतोय. अँटेनाच्या फीडपॉइंटला (केबल जोडते तिथे) चोक, म्हणजे हा करंट अडवणारा भाग, लावा, केबल वाचेल.

उलटी फसगत जास्त धोक्याची. १४५ मेगाहर्ट्झला साधी आरजी-५८ केबल १५ मीटरमध्ये सुमारे ३ डीबी, म्हणजे अर्धी पॉवर, खाते; परतणारी लहरही येताना तेवढीच घटते. अँटेना तुटून पडला तरी खालच्या मीटरवर एसडब्ल्यूआर ३ च्या आसपासच दिसेल! म्हणून मोजमाप अँटेनापाशीच घ्या.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. नवशिके चांगल्या केबली कापून बसतात.