‘सगळं असून गडी रडतोय कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. प्रतिक्रिया रोखठोक आहे आणि मुद्द्यांची आहे, त्यामुळे ‘धन्यवाद’ लिहून सुटका करून घेत नाही. मागाहून येणाऱ्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात: १९७१ चा ‘हू इज हॅरी केलरमन अँड व्हाय इज ही सेइंग दोज टेरिबल थिंग्ज अबाउट मी?’ हा अमेरिकी चित्रपट मी उगाच डोक्यावर घेतलाय. नायक जॉर्जी सोलोवेकडे (डस्टिन हॉफमन) न्यूयॉर्कच्या उंच इमारतीत माथ्यावरचं घर, स्वतःचं विमान, ढीगभर हिट गाणी, तरी तो जीव द्यायला निघालाय. खरं कुठलं नि मनातलं कुठलं कळत नाही. त्याची बदनामी करत फिरणारा केलरमन कोण हे अर्ध्यातच ओळखू येतं. गीतकार म्हणे, पण पठ्ठ्या गाणं लिहिताना दिसत नाही. आणि शेवटचा कोल्हापुरी टोला: ‘आमच्या खेबुडकरांनी शाळेत पोरं शिकवत गाणी लिहिली, त्यांना नाही असली थेरं सुचली.’

पुढे चित्रपटाचा शेवट उघड केलाय. बघायचा असेल त्यांनी इथंच थांबावं.

पैशापासून सुरू करतो, कारण तिथंच तुमचा राग आहे. त्या काळात अमेरिकेत रेकॉर्डच्या दर प्रतीमागे एका गाण्याला कायद्यानं ठरलेले दोन सेंट मिळत. हा दर १९०९ पासून १९७७ पर्यंत हलला नाही. दहा लाख प्रती खपल्या तर वीस हजार डॉलर, आणि त्यातला निम्मा वाटा सहसा गाण्याचे हक्क सांभाळणाऱ्या प्रकाशकाचा. एवढ्यावर माथ्यावरचं घर येत नाही. खरा पैसा रेडिओचा. तिथल्या रेडिओवर रेकॉर्ड वाजली की गाणाऱ्याला काही मिळत नाही, लिहिणाऱ्याला आणि संगीतकाराला मिळतं, आणि ते वर्षानुवर्षं मिळत राहतं. म्हणजे पाच-सहा गाणी चालली की गडी झोपला तरी हिशोब चालू. नवं गाणं लिहायची गरज उरत नाही, आणि लिहिलंच तर ते जुन्यासारखं असावं अशी प्रकाशकापासून हिशोबनिसापर्यंत सगळ्यांची इच्छा. चित्रपटात त्याचा हिशोबनीस (डॉम डेल्युइस) आहे, तो निव्वळ हसवायला ठेवलाय असं समजू नका.

आपल्याकडं गणित उलटं होतं. निर्मात्यानं मोबदला देऊन गाणं लिहून घेतलं की, करारात वेगळं काही नसेल तर, हक्क निर्मात्याचा, हे १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंच सांगितलं. चित्रपटाबाहेर गाणं वाजलं तर रॉयल्टीतला गीतकाराचा वाटा करारानंही काढून घेता येणार नाही, ही तरतूद यायला २०१२ ची दुरुस्ती उजाडली. तोवर लिहिणाऱ्याला पुढचं गाणं लिहिणं भाग होतं. थेरं सुचायला सवड लागते, हे तुमचं म्हणणं इतपत मान्य.

आता ‘लिहिताना दिसत नाही’. लिहिताना दाखवायचं म्हणजे काय दाखवायचं? माणूस बोटं मोडत मात्रा मोजतोय, हे पडद्यावर दोन मिनिटं टिकत नाही. पण त्या मोजणीतच जॉर्जीचं दुखणं आहे, म्हणून इथं करून दाखवतो. समजा चाल आधी झालीय: ताल केरवा, ओळीला सोळा मात्रा (ऱ्हस्व अक्षराची एक, दीर्घाची दोन), आठांवर श्वास, शेवटचा स्वर वरच्या सा वर लांबवायचा. सांगायचंय असं की कुणीतरी गेलं आणि त्या वाटेनं परत फिरकलं नाही. पहिला प्रयत्न:

वाट नदीकाठची कोरडी

मोजून सोळा. पण आठवी मात्रा ‘का’वर संपते, गायिका तिथं श्वास घेणार आणि ऐकू येणार ‘वाट नदीका… ठची कोरडी’. बाद. तेच शब्द फिरवून:

नदीकाठची वाट कोरडी

आता आठ आणि आठ, श्वास शब्दाच्या शेवटी. पण लांबवायचा स्वर ‘डी’चा. ‘ई’ वरच्या सप्तकात ताणली की बहुतेक आवाज बारीक आणि चिरका होतो, तिथं तोंड उघडणारा ‘आ’ हवा. संगीतकार म्हणतो, ‘वाट’ काढा, ‘घाट’ घाला:

नदीकाठचा घाट कोरडा

मात्रा त्याच, श्वास जागेवर, शेवटी ऐसपैस ‘आ’. गायला उत्तम. फक्त गाण्याचा विषय बदलला. मगाशी माणूस गेला होता, आता नदी आटलीय. विरहाचं गाणं बघता बघता दुष्काळाचं झालं, आणि पंचगंगेच्या घाटावर ऐकणारा त्यातून तिसराच अर्थ काढणार. गाणं हिट झालं तर तोच अर्थ पक्का. प्रत्येक बदल बरोबर होता, कुणी फसवलं नाही, तरी लिहिणाऱ्याला जे म्हणायचं होतं ते बाहेर पडलंच नाही. अशी वीस-पंचवीस गाणी नावावर जमली की आपल्या नावानं भलताच कुणीतरी बोलतोय असं वाटायला लागतं.

केलरमन तोच तर आहे. जॉर्जीच्या मैत्रिणींना फोन करून त्याची बदनामी करणारा माणूस जॉर्जी स्वतःच. तुम्हाला ते आधी कळलं, बरोबर आहे, लपवण्यात लेखक हर्ब गार्डनर आणि दिग्दर्शक उलू ग्रोसबार्ड यांनी फार मेहनत घेतलेलीच नाही. हा खून कुणी केला छापाचा चित्रपट म्हणून बघितलात तर हातात काही लागणार नाही. खऱ्या-खोट्याच्या सरमिसळीचंही तेच. सुरुवातीलाच तो वरून उडी मारतो आणि ती मनातली निघते. तिथूनच आपल्याला सांगून ठेवलंय की या माणसाच्या शब्दावर विसंबू नका.

खेबुडकरांची तुलना मात्र मला पटत नाही, आणि त्यात त्यांचा मान कमी करायचा प्रश्न नाही. ‘पिंजरा’मध्ये ते तमाशातल्या बाईच्या तोंडून बोलतात, ‘साधी माणसं’मध्ये लोहाराच्या भात्यापाशी बसून. प्रसंग दिलेला, पात्र दिलेलं, चाल राम कदमांची नाहीतर आनंदघन नावानं लताबाईंची. गीतकाराचा स्वतःचा चेहरा कुणी मागत नव्हतं. गदिमांनी ‘गीतरामायणा’त आठवड्याला एक अशी छप्पन्न गाणी दिली, तीही राम, सीता, कौसल्या यांच्या तोंडची. जॉर्जीच्या धंद्यात विकायचा माल म्हणजे जॉर्जीच. तोच लिहिणार, तोच गिटार घेऊन उभा राहणार, आणि लोकांना ‘मी’ म्हणजे तोच वाटणार. आपल्या गीतकारांना पात्राची आड होती, ती त्याला नाही. खेबुडकरांच्या मनात काय चाललं होतं ते मात्र लावण्यांवरून तुम्ही ठरवू नये, मीही नाही.

चित्रपट निर्दोष आहे असं मी म्हटलेलं नाही. जॉर्जीच्या आयुष्यातल्या बायका एकीपाठोपाठ एक येऊन जातात, लक्षात राहते ती बार्बरा हॅरिस. ऑडिशनला आलेली, गाण्यापेक्षा बोलतच राहणारी, मिळणार काही नाही हे ठाऊक असलेली. सहायक अभिनेत्रीचं ऑस्कर नामांकन तिला मिळालं ते योग्यच. मानसोपचारतज्ज्ञाचे (जॅक वॉर्डन) प्रसंग मात्र निम्मे कापले असते तरी चाललं असतं. तुम्हाला कंटाळा तिथं आला असेल तर त्यावर माझ्याकडं उत्तर नाही.

आणि जाता जाता तुम्ही विचारलंय, ‘गाणी मात्र झकास, कुणाची?’ शेल सिल्व्हरस्टीनची. १९६४ चं ‘द गिव्हिंग ट्री’ हे लहान मुलांचं पुस्तक त्याचंच, जॉनी कॅशनं १९६९ मध्ये गाजवलेलं ‘अ बॉय नेम्ड सू’ही त्याचंच. मैफिलीच्या प्रसंगात हॉफमनबरोबर ‘डॉक्टर हुक’ हा बँड आहे. त्यांचं ‘सिल्व्हियाज मदर’ पुढच्याच वर्षी गाजलं, तेही सिल्व्हरस्टीनचं. तिथून ऐकायला सुरुवात करा.