‘मेला म्हणजे सुटलाच’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मुंबई बॉम्बस्फोट खटल्यातल्या मुस्तफा डोसावरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: ‘असल्या माणसाचं चरित्र कशाला? २००३ला दुबईहून आणला तेव्हाच उडवायला हवा होता. चौदा वर्षं सरकारी जेवण जेवला आणि शिक्षेआधी मेला, म्हणजे सुटलाच.’

१२ मार्च १९९३ला मुंबईतल्या स्फोटांत २५७ माणसं गेली, त्यामुळे तुमचा राग मला परका नाही. पण ‘सुटला’ हे पटत नाही. १६ जून २०१७ला दहशतवादविरोधी टाडा कायद्याच्या न्यायालयाने त्याला दोषी ठरवलं. सीबीआय त्याच्यासाठी फाशी मागत होती. २८ जूनला तो मुंबईच्या जेजे रुग्णालयात मेला. शिक्षा ऐकायची राहिली, दोषी ठरायचं राहिलं नाही. विमानतळावरच गोळी घातली असती, तर पुरावा कधी तपासलाच गेला नसता आणि आज कुणीही उठून त्याला निर्दोष म्हणू शकला असता.

आता चरित्राचं. डोसा हा मुळात तस्कर, चांदी-सोनं उतरवणारा. ९ जानेवारी १९९३ला रायगडच्या किनाऱ्यावर दिघीला त्याचा माल उतरला, त्यात शस्त्रंही होती. गोंडघर फाट्यावर पोलिसांनी गाड्या अडवल्या आणि सौदा करून सोडल्या. रोकड पुरेशी नव्हती, म्हणून चांदीच्या विटा तारण ठेवून घेतल्या! फेब्रुवारीत स्फोटांचा सूत्रधार टायगर मेमन याचं आरडीएक्स हे स्फोटक त्याच किनाऱ्यावर शेखाडीला उतरलं. कस्टम्सचा अतिरिक्त कलेक्टर सोमनाथ थापा यालाही या खटल्यात जन्मठेप झाली. डोसाला नुसता राक्षस म्हणून मोकळं झालं, की ही खाकी आणि पांढऱ्या कपड्यांतली मंडळी अलगद बाजूला होतात. मला त्यांना बाजूला होऊ द्यायचं नाही, म्हणून चरित्र.

‘ठाण्याचा काय संबंध?’ असंही विचारलंत. स्फोटांनंतर आरडीएक्सचा साठा नागला बंदरच्या खाडीत सापडला होता. हो, घोडबंदर रोडचं तेच नागला बंदर, जिथे हल्ली खाडी दिसते म्हणून फ्लॅटचा भाव वाढवून सांगतात.

तुरुंगातल्या ऐषारामाबद्दल एवढंच: २०१०मध्ये आर्थर रोड तुरुंगात डोसाने धार लावलेल्या चमच्याने याच खटल्यातल्या अबू सालेमवर हल्ला केला आणि सालेमला आपल्या तळोजा तुरुंगात हलवावं लागलं. आर्थर रोडचा बंदोबस्त ढिला होता हे मान्यच, त्यावर तुमच्याशी वाद नाही.

याच खटल्यात दोषी ठरलेल्या ताहिर मर्चंटला मात्र ७ सप्टेंबर २०१७ला फाशी सुनावली गेली. सर्वोच्च न्यायालयाने ती स्थगित केली आणि एप्रिल २०१८मध्ये तो पुण्याच्या ससून रुग्णालयात मेला.