‘इंग्रजीच्या तासाला मराठी बंद’ : एका संदेशाचा प्रतिवाद

शाळा सुरू झाल्या की पालकांच्या आणि शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश दरवर्षी फिरू लागतो. त्याचा आशय असा : मूल आईची भाषा नुसती ऐकून शिकते, तशीच इंग्रजीही शिकते, मराठीतून समजावले की त्याला भाषांतराची सवय लागते, म्हणून इंग्रजीच्या तासाला मराठीचा एकही शब्द येता कामा नये, मराठी बोलणाऱ्याला एक रुपया दंड करावा आणि प्रत्येक चूक जागच्या जागी दुरुस्त करावी, जगभर हीच पद्धत आहे, आणि ज्या शिक्षकाला मराठीचा आधार लागतो त्याचे स्वतःचेच इंग्रजी कच्चे असते. मी मराठी माध्यमाच्या शाळेत पाचवी ते आठवीच्या वर्गांना इंग्रजी शिकवतो. हा संदेश पुढे पाठवणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही, कारण आपल्या मुलांना इंग्रजी आलेच पाहिजे ही तळमळ माझीही आहे. परंतु त्यातले जवळजवळ कोणतेही विधान वर्गात टिकत नाही आणि त्याचा फटका मागच्या बाकांवरच्या मुलांना बसतो, म्हणून ही विधाने एकेक करून तपासणे मला आवश्यक वाटते.

आधी आईच्या भाषेची तुलना घेऊ. शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० दिवस शाळा भरावी लागते. रोज ३५ मिनिटांचा एक तास इंग्रजीला मिळाला आणि एकही तास बुडाला नाही असे धरले, तरी घड्याळाच्या हिशेबाने वर्षाचे १२८ तास होतात. घरात सतत माणसांत वावरणारे लहान मूल एवढा वेळ दहा-अकरा दिवसांतच भाषेच्या सहवासात घालवते. शिवाय आई एका मुलाशी बोलत असते. वर्गात ४० मुले असतील आणि शिक्षकाने त्या ३५ मिनिटांत तोंडही उघडले नाही, तरी प्रत्येक मुलाच्या वाट्याला बोलायला एक मिनिटही येत नाही. इतक्या तुटपुंज्या वेळात ‘ऐकता ऐकता आपोआप येईल’ म्हणून वाट पाहणे परवडणारे नाही. जिथे दोन मराठी वाक्यांत गोष्ट उलगडते, तिथे ती उलगडून उरलेला वेळ इंग्रजी बोलण्याला देणे हाच शहाणपणाचा हिशेब आहे.

भाषांतराच्या सवयीचा मुद्दा अधिक गंभीर आहे आणि त्यावर थोडे थांबले पाहिजे. मराठी शब्द फळ्यावर लिहिला नाही म्हणून मुलाच्या डोक्यातली मराठी बंद होत नाही. मला दोन भाऊ आहेत, माझ्याकडे सायकल आहे, घराला दोन दारे आहेत, असे आपण दोन तऱ्हांनी म्हणतो आणि इंग्रजी या तिन्ही ठिकाणी एकाच ‘हॅव’वर भागवते. हा फरक मुलाला कोणी दाखवला नाही, तर ते मराठीचाच साचा घेऊन इंग्रजी वाक्य पाडत राहते, आणि आपण असे का करतो हे त्याला कधीच कळत नाही.

‘सिन्स’ आणि ‘फॉर’ यांचे उदाहरण तर प्रत्येक इंग्रजी शिक्षकाच्या परिचयाचे आहे. एका वर्षी सातवीला मी हा भाग पूर्णपणे इंग्रजीतून शिकवला, भरपूर उदाहरणे दिली, गाळलेल्या जागा भरून घेतल्या. मुलांनी त्या बरोबर भरल्या आणि पुढच्याच आठवड्यातल्या निबंधात वर्गातल्या बहुतेकांनी ‘सिन्स टू इयर्स’ लिहिले. पुढच्या वर्षी मी फळ्यावर दोन मराठी वाक्ये लिहिली : ‘तो दोन वर्षांपासून इथे राहतो’ आणि ‘तो २०१५ पासून इथे राहतो’. या दोन ‘पासून’मध्ये काही फरक आहे का, एवढेच विचारले. वर्ग बराच वेळ गप्प होता. मग खिडकीजवळची एक मुलगी म्हणाली, “सर, पहिल्यात वर्षं मोजायची आहेत, दुसऱ्यात कॅलेंडरवर बोट ठेवायचं आहे.” माझ्या कोणत्याही व्याख्येपेक्षा हे नेमके होते. मोजायचे असेल तिथे ‘फॉर’, बोट ठेवायचे असेल तिथे ‘सिन्स’. मराठीत बोलण्यात चार मिनिटे गेली आणि उरलेला सगळा तास मुले इंग्रजीत एकमेकांना प्रश्न विचारत होती. भाषांतराची सवय मोडायची असेल, तर दोन भाषा कुठे वेगळ्या वाटेने जातात हे आधी दाखवावे लागते, आणि ते दाखवायला दोन्ही भाषा समोर असाव्या लागतात.

दंडाबद्दल कायद्याची भूमिका स्पष्ट आहे : शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमाने मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास आणि त्यांचा मानसिक छळ करण्यास मनाई केली आहे, आणि आपल्या भाषेसाठी सर्वांसमोर खिशातला रुपया काढायला लावणे हा माझ्या मते छळच आहे. खानदेशातले जे मूल घरी ‘मला’ऐवजी ‘माले’ म्हणते, त्याने शाळेत येऊन पुस्तकी मराठी हीच एक नवी भाषा शिकलेली असते. अशा मुलाला दंडाचा धाक घातला, तर ते इंग्रजीकडे न वळता गप्प बसायला शिकते.

माझ्या वर्गातला असाच एक मुलगा दोन दिवस गैरहजर होता. इंग्रजीत कारण विचारल्यावर तो खाली मान घालून उभा राहिला. मराठीत विचारल्यावर कांदा काढणीला घरच्यांबरोबर शेतात गेल्याची सगळी हकिगत त्याने सांगितली. मी त्याला ‘अनियन’ आणि ‘फील्ड’ हे दोन शब्द दिले आणि हेच इंग्रजीत सांग म्हटले. तो म्हणाला, “यस्टरडे आय गो फील्ड. अनियन.” प्रत्येक चूक तिथल्या तिथे दुरुस्त करायची, तर एवढ्याशा बोलण्यात तीन-चार ठिकाणी त्याला अडवावे लागले असते. मी फक्त विचारले, “ओह, यू वेंट टू द फील्ड?” तो म्हणाला, “येस, वेंट.” दुरुस्ती झाली आणि बोलणेही तुटले नाही. वहीतल्या चुकांवर लाल शाई जरूर चालवावी. बोलताना मात्र अर्थ अडत असेल तीच चूक आधी घ्यावी.

‘जगभर हीच पद्धत’ या विधानाला इतिहास आहे, पण तो सांगितला जात नाही. मॅक्सिमिलियन बर्लिट्झ यांनी १८७८ मध्ये अमेरिकेत सुरू केलेल्या भाषाशाळेतून शिकणाऱ्याची भाषा वगळण्याची पद्धत प्रसिद्धीस आली. तिथे हौसेने पैसे भरून येणारे विद्यार्थी असत. पुढे १९६१ मध्ये युगांडातील मकेरेरे येथे भरलेल्या राष्ट्रकुल परिषदेतून, इंग्रजी फक्त इंग्रजीतूनच शिकवावे हे जणू तत्त्वच होऊन बसले. रॉबर्ट फिलिप्सन या अभ्यासकाने १९९२ मध्ये अशा पाच समजुतींची चिकित्सा करून त्यांना भ्रम ठरवले. ज्या वर्गात दहा मुलांच्या दहा भाषा आहेत, तिथे शिक्षकाचा नाइलाज असतो. आपल्या वर्गात शिक्षक आणि मुले यांची भाषा एक असताना तो नाइलाज ओढवून घेण्याचे कारण नाही. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांवर महाराष्ट्रातल्या पिढ्या इंग्रजी शिकल्या. त्या पद्धतीत बोलण्याचा सराव कमी पडे हे मान्य करायला हवे, परंतु मराठीच्या आधाराने इंग्रजी येतच नाही हे म्हणणे त्यांच्यापुढे टिकत नाही.

शिक्षकाच्या कच्च्या इंग्रजीबद्दल संदेशात थोडे तथ्य आहे. राज्यात २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले, तेव्हा ते शिकवायची जबाबदारी ज्यांच्यावर आली त्यांतले कितीतरी शिक्षक स्वतः पाचवीपासून इंग्रजी शिकलेले होते. सगळा धडा मराठीत सांगून इंग्रजीचे एकही वाक्य न बोलणारे तास मी पाहिले आहेत आणि त्यांचे समर्थन मी करणार नाही. रोजच्या सूचना, हजेरी, वह्या उघडणे, जोड्या लावणे हे सगळे इंग्रजीतच झाले पाहिजे, आणि मराठीत सांगितलेली गोष्ट लगेच पुन्हा इंग्रजीत म्हटली गेली पाहिजे. मात्र ज्याचे इंग्रजी कच्चे आहे त्याला मराठीची बंदी केली, तर तो बोलू लागत नाही. तो धडा मोठ्याने वाचतो आणि मुले त्याच्यामागून म्हणतात. अशा एका वर्गात मुलांनी कविता एका सुरात, न अडखळता म्हणून दाखवली. तास संपल्यावर मी एका मुलीला मराठीत विचारले, या कवितेत कोण कोणाशी बोलते आहे? तिने पुस्तकातल्या चित्राकडे पाहिले आणि म्हणाली, “ते अजून आम्हाला कुणी सांगितलं नाही.”